चिमणीचा पान्हा

“सर की जरा. पाय आवर. ह्या घरात सगळ्यांचे पाय मीच आवरायचे व्हय? तिकडं म्हातारीचा चहा, हिकडं तुझं आंबोण. म्हातारीला साखर कमी लागती आणि चहा गोड लागतो. तूच सांग चिमणे, असला चहा करायचा तरी कसा?”

शालन म्हशीच्या पोटाशी उकिडवी बसून ऐकत होती. सुनेनं केलेली तक्रार सासूला इतक्या जवळून ऐकायला मिळावी, असा योग संसारात क्वचित येतो, आणि आला तर तो वाया जात नाही. महिनाभराच्या अबोल्याची सोय होते. शालन मात्र गप्प होती. गुडघ्यांत बादली धरून तिचे हात सडांवर चालले होते आणि दुधाची धार बादलीत वाजत होती.

आवाज म्हशीच्या गळ्यातल्या पट्ट्यातून येत होता. सून ऋतुजा, जांभूळशेतावर दरड आली त्या दिवसापासून सापडलेली नव्हती.

‘सापडलेली नव्हती’ हे बोलणं सगळ्यांनाच सोयीचं होतं. डोंगराचं अर्धं अंग खाली येऊन गाव झाकून गेलं, मशिनी आल्या, बरेच दिवस उकरत राहिल्या, मग वरचा उतार पुन्हा हलायला लागला म्हणून मशिनी माघारी गेल्या. ऋतुजाचा नवरा, शालनचा लेक रणजित त्या वेळी कामावर कंपनीत होता. शालन बहिणीकडं गेली होती. घरी ऋतुजा, म्हैस आणि म्हशीचं रेडकू एवढीच होती. त्यांतली म्हैस तेवढी वरच्या बांधावर सापडली, चिखलानं माखलेली, दावं गळ्यात तसंच लोंबत. दावं कुणी सोडलं, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. सोडणारी एकच होती.

म्हशीचं नाव चिमणी. दारात उभी राहिली तर घरात अंधार पडायचा, एवढी ती चिमणी. नाव ऋतुजानंच ठेवलं होतं.

दरडीतून वाचलेली जनावरं तालुक्याच्या गावी, बंद पडलेल्या सूतगिरणीच्या शेडात बांधली होती. माणसांना पलीकडं पत्र्याच्या खोल्या दिल्या होत्या. खोल्यांपुढं जनावर बांधायला जागा नव्हती आणि पुढं जी पक्की घरं मिळणार होती ती तीन मजली होती. म्हैस काही जिना चढत नाही. तेव्हा जनावरांना दुसरी घरं बघायची आणि ती धडधाकट, दुभती असतानाच पोचवायची, हे छावणीचं काम. रणजितनं कंपनी सोडून छावणीत वैरणीचं काम धरलं होतं. का, ते त्याला कुणी विचारलं नाही. तोही तसा काही सांगत नव्हता. जेवायला बोलावलं की जेवायचा, झोप म्हटलं की आडवा व्हायचा. शालनचंही तसंच होतं. मायलेकरं दोघं एका खोलीत राहत होती आणि खोलीत फार तर मीठ मागण्यापुरता आवाज व्हायचा.

छावणीची डॉक्टर आफरीन मुजावर. तिशीची, डोक्याला रुमाल, पायांत गमबूट, आणि बोलणं घरच्या लेकीसारखं. जनावरांच्या गळ्यातला तो बोलका सादपट्टा तिनंच जांभूळशेतकरांना समजावून सांगितला होता.

“दूध कासेत असतं मावशी, पण कासेला दार असतं. त्या दाराची किल्ली म्हशीच्या मेंदूत. तिला बरं वाटलं, ओळखीचं माणूस जवळ आलं, की मेंदूतून एक रस सुटतो आणि दार उघडतं. तुम्ही त्याला पान्हा म्हणता. ती भ्यालेली असली की दुसरा रस सुटतो, आणि दार आतनं बंद.”

“मग पान्हा चोरती म्हणत्यात ते खोटं?” शालननं विचारलं होतं.

“चोरत नाही हो. तिलाच मिळत नाही तो.”

शालनला ते पटलं होतं. रेडकू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढं ठेवायची तिच्या माहेरची रीत होती. म्हैस ते पेंढ्याचं रेडकू चाटायची आणि पान्हा सोडायची. लहान असताना शालनला वाटायचं, म्हैस किती येडी. पुढं स्वतः धार काढायला लागल्यावर तिला वाटायला लागलं, म्हशीला सगळं ठाऊक असतं. तिला चाटायला काहीतरी हवं असतं, एवढंच.

सादपट्ट्याचं काम त्याच चालीचं, फक्त पेंढ्याच्या जागी आवाज. पट्ट्याच्या आतल्या बाजूला नखाएवढे डोळे होते. ते म्हशीच्या नाडीचे ठोके, कातडीची ऊब, रवंथ चाललंय की थांबलंय, सगळं बघत राहायचे. जनावर अस्वस्थ झालं की पट्टा त्याच्या माणसाच्या आवाजात बोलायचा. जनावर निवांत झालं की गप्प व्हायचा. माणसाचा आवाज शिकायला पट्ट्याला फोनवरची थोडीशी रेकॉर्डिंगं पुरायची. स्वर कुठं चढतो, श्वास कुठं तुटतो, कुठला शब्द नाकात जातो, हे सारं तो उचलायचा. तो नवी वाक्यंही बनवू शकला असता, पण डॉक्टरनं ते बंद ठेवलं होतं. “जी माणसं मे...” म्हणून ती थांबली होती आणि मग म्हणाली होती, “जी माणसं इथं नाहीत, त्यांच्या तोंडात नवे शब्द घालायचे नाहीत. त्यांचेच वापरायचे.”

पट्ट्याचं दुसरं काम जास्त नाजूक होतं. जनावर नव्या घरी जायचं तर त्यानं नव्या माणसाचा आवाज आपला मानायला हवा. म्हणून जुन्या आवाजात नवा आवाज थोडा थोडा मिसळत जायचा, दुधात विरजण मिसळावं तसा. म्हशीला कळायच्या आत दुधाचं दही व्हायचं. पोचवणी झाली की पट्टा काढायचा आणि त्यातला जुना आवाज पुसून टाकायचा.

पहिल्या आठवड्यात मोठी गंमत झाली होती. त्या दिवसांत झालेली ती एकच गंमत. जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यावर ज्यांची नावं, त्यांचे आवाज छावणीनं गोळा केले. नावं अर्थातच सगळी बाप्यांची. सगळ्या शेडात बाप्यांचे आवाज सुरू झाले आणि एकाही म्हशीनं कान हलवला नाही. सर्जेराव नावाचा गडी डॉक्टरशी भांडायलाच उठला.

“आमच्या म्हशीला माझा आवाज वळखंना म्हंजे तुमचं मशीन बोगस हाय.”

त्याची बायको मागनं म्हणाली, “तुम्ही तिच्याशी बोलला कवा? बिल्ला मारताना ‘धरा, धरा’ म्हणून वरडला तेवढंच.”

मग बायकांचे आवाज घेतले आणि शेडात दूध वाजायला लागलं.

चिमणीच्या बिल्ल्यावर नाव रणजितचं होतं. धार मात्र ऋतुजाची. शालनचे गुडघे गेल्यापासून ऋतुजाच काढायची, आणि हात गुंतलेले म्हणून फोन कोनाड्यात ठेवून बहिणीला बोलके निरोप पाठवायची. निरोप बहिणीला, अध्येमध्ये दम म्हशीला, आणि तक्रार बहुतेक सासूची. ते निरोप बहिणीनं रडत रडत छावणीला दिले. त्यामुळं आता शालन धार काढायला बसली की हात सासूचे, आवाज सुनेचा आणि दूध म्हशीचं. एवढा एकोपा जांभूळशेतात असताना कधी झाला नव्हता.

चिमणीला नवं घर मिळालं ते जयमालाचं. कराडच्या खालच्या अंगाला, काळ्या रानातलं गाव. घरात दोन म्हशी आधीच्या, विहिरीला पाणी, दारात चिंच. जयमाला चाळिशीची, अंगानं दांडगी, तोंडानं त्याहून. रोज एसटीनं यायची, चिमणीच्या शेजारी पोतं टाकून बसायची आणि बडबडायची. आवाज मिसळायचा तर डॉक्टरला तिची बडबड हवी होती, आणि ती बाई जणू त्यासाठीच जन्माला आली होती.

“काय गं ए ढोले, मला बघून तोंड का फिरवलंस? मी काय तुझी सवत हाय?” असं म्हणून ती स्वतःच हसायची. मग शालनकडं बघून हसू आवरायची. “मावशी, राग नका मानू. त्या ताई आल्या की मी म्हस माघारी आणून बांधते बघा. शब्द देते.”

“व्हय,” शालन म्हणायची.

“कधीबी येऊ देत त्या.”

“व्हय.”

जयमालालाही ठाऊक होतं. शालनला ठाऊक होतं की तिला ठाऊक आहे. पण पायरी मोडकी आहे हे ठाऊक असून घरातलं प्रत्येक माणूस ती ओलांडून जातं आणि कुणी दुरुस्त करत नाही, त्यातलीच गत.

हळूहळू पट्ट्यातला आवाज बदलायला लागला. आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग एके सकाळी ‘चिमणे’ म्हणताना ‘मणे’वर ऋतुजाचा आवाज जिथं वर जायचा तिथं तो गेला नाही, खाली बसला, जयमालाचा बसतो तसा. शालनचे हात थांबले. चिमणीला काहीच वाटलं नाही. तिनं शेपटानं माशी हाकलली आणि रवंथ चालू ठेवलं.

रणजित पलीकडं कडबा तोडत होता. त्याचाही कोयता थांबला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही.

त्यानंतर चिमणीचं बिनसलं. दूध कमी झालं. मग सकाळी येईना, संध्याकाळी आलं तर येई. कातडी थरथरायची, कुणी मागनं गेलं की ती पाय झाडायची. डॉक्टरनं मिसळण थोडी मागं घेतली, तरी फरक नाही.

“दुपारच्या वेळी तिला काहीतरी होतंय,” डॉक्टर म्हणाली. “ठोके एकदम वाढतात. कुत्रं येतं का शेडात?”

शालननं दुपारी लक्ष ठेवायचं ठरवलं. दुपारी जेवणवेळ झाली की शेड रिकामं व्हायचं. ती मागच्या दारानं गेली आणि खांबाआड उभी राहिली.

रणजित चिमणीजवळ उभा होता. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, मग म्हशीचं शेपूट धरलं आणि पिळलं. चिमणी दचकून पुढं सरली, दाव्याला हिसका बसला.

“अगं अगं, असं काय करतीस?” पट्टा म्हणाला. “मी हाय न्हवं. मी हाय न्हवं हितं. घाबरू नको.”

आवाजात जयमाला मिसळलेली होती, पण ‘न्हवं’वरचा लाडिक हेल अजून ऋतुजाचाच होता. रणजितनं डोळे मिटले होते. म्हशीच्या मानेवर, पट्ट्याशेजारी, त्यानं कपाळ टेकवलं होतं. चिमणी शांत झाली तसा आवाज थांबला. तो थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यानं पुन्हा शेपटाला हात घातला.

हा पोरगा असा नव्हता. मुंगी आली तर पाय उचलून टाकणारा. बैलाला चाबूक मारला म्हणून लहानपणी मामाशी भांडलेला. शालनला हाक मारायची होती. पण ती आली तशी माघारी गेली आणि खोलीत जाऊन तांदूळ निवडत बसली. तांदळात खडे नव्हते.

ती विचार करत राहिली. त्याच्या फोनमध्ये ऋतुजाचे निरोप होतेच. मेव्हणीनं त्यालाही पाठवले होते. पण ते त्यानं ऐकलेले तिनं कधी पाहिलं नाही. आता तिला त्याचं कारण कळलं. फोनमधली ऋतुजा तिच्या बहिणीशी बोलत होती, मागच्या कुठल्यातरी दिवशी. पट्ट्यातली ऋतुजा आत्ता बोलायची. समोर कुणाला बरं वाटेनासं झालं की बोलायची. रणजितला बरं वाटत नव्हतं. पण पट्टा म्हशीच्या गळ्यात होता.

डॉक्टरला सांगायला हवं होतं. शालननं सांगितलं नाही. उद्या सांगू म्हणाली, आणि उद्या जयमालाच्या डब्यातली भाकरी खाताना पुन्हा उद्यावर ढकललं.

मग एका दुपारी रणजित वैरणीच्या गाडीबरोबर बाहेर गेला होता आणि शेडात शालन एकटी होती. चिमणी बसली होती, डोळे अर्धे मिटून. पट्टा गप्प होता. शालन तिच्या पुढ्यात उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. मग तिनं हात उचलला आणि म्हशीच्या तोंडावर चापट मारली.

जोरात नव्हती. पण चिमणी धडपडत उठली. तिचे डोळे पांढरे झाले.

“अगं अगं, असं काय करतीस? मी हाय न्हवं. मी हाय न्हवं हितं.”

“हायेस व्हय,” शालन म्हणाली.

पट्टा गप्प झाला. तिनं हात पदराला पुसला, जसं काही लागलंय. रडू येईल असं तिला वाटलं होतं. ते आलं नाही. आतमध्ये सगळं पोत्यात भरल्यासारखं, गच्च आणि कोरडं.

दोन-तीन दिवसांत चिमणीची कास सुजली. एक बाजू दगडासारखी घट्ट झाली, हात लावू देईना. डॉक्टरनं सड पिळून हातावर घेतलं तर दुधाच्या गुठळ्या निघाल्या.

“दूध तुंबतंय आत,” ती म्हणाली. “औषध देते. पण ही भीत राहिली तर औषधाचा उपयोग नाही. हा सड गेला तर परत यायचा नाही. दुसराही जाईल.”

जयमाला पोत्यावर बसली होती, आज बडबड नव्हती. “म्याडम, एक स्पष्ट बोलू? मला म्हस आवडलीया. पण घरात मालक हायेत, सासरे हायेत. भाकड म्हस आणली म्हणून मला दारात उभी करतील. पुढच्या आठवड्यापर्यंत बघते. न्हाय तर दुसरी कुठली तरी द्या मला.”

“आणि ही?” शालननं विचारलं.

जयमाला पोत्याचे धागे उपसत राहिली. शेडचा मालक जागा मोकळी मागत होता, सगळ्यांना ठाऊक होतं. दुभत्या म्हशीला घर मिळतं. भाकड म्हशीला फक्त गिऱ्हाईक मिळतं, आणि ते गिऱ्हाईक तिला काय करायला नेतं हेही गावात कुणी मोठ्यानं बोलत नाही.

शालन उठली. गुडघे कटकन वाजले. रणजित शेडामागं कडबा तोडत होता. ती त्याच्यासमोर पेंढीवर बसली.

“तिचं शेपूट पिळू नगंस.”

कोयता चालू राहिला. “कोण पिळतंय?”

“तू. मी बघितलंय.”

कोयता चालू राहिला.

“मीबी चापट मारली तिला,” शालन म्हणाली. “तू गाडीबर गेल्यावर.”

कोयता थांबला. त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. कितीतरी दिवसांनी त्यानं आईच्या तोंडाकडं असं बघितलं असेल. रागावेल असं तिला वाटलं. तो रागावला नाही.

“काय म्हणाली?” त्यानं विचारलं.

“तेच. मी हाय न्हवं.”

“मलाबी तेच म्हणती.” त्यानं कडब्याची एक पात उचलून तिचे तुकडे केले. “दुसरं कायच म्हणत न्हाय.”

“तिची कास दगड झालीया, रणजित. जयमाला न्हेणार न्हाय म्हणती.”

“नको न्हेऊ दे.”

“मग ती कुठं जाईल?”

त्यानं पुढची पेंढी ओढली. मग म्हणाला, “ते पुसल्यावर आवाज कुठं जातो आई?”

शालनला ते ठाऊक नव्हतं. विझवल्यावर दिवा कुठं जातो, असं तिच्या मनात आलं, पण असल्या वेळी असलं बोललं की माणसाला कीर्तनातून उठून आल्यासारखं वाटतं. ती म्हणाली, “मला काय म्हाईत. चल, जेवून घे.”

त्यानं पुन्हा शेपटाला हात लावला नाही. शालननंही लावला नाही. एवढंच झालं, दोघांत त्यावर परत बोलणं झालं नाही. औषधं, शेक, आणि दिवसभर जयमालाची बडबड. सूज उतरायला लागली. एका सकाळी शालनच्या शेजारी जयमाला धारेला बसली आणि पट्टा म्हणाला, “सर की जरा. पाय आवर.” शब्द ऋतुजाचे, आवाज जवळजवळ सगळा जयमालाचा. चहाची तक्रारही आली. साखर कमी लागणारी म्हातारी आता जयमालाची सासू वाटत होती. चिमणीनं पान्हा सोडला.

“सुटला गं बाई,” जयमाला म्हणाली, आणि तिलाच रडू फुटलं. शालननं तिच्या पाठीवर हात ठेवला. ज्यांनी रडायचं ते कोरडे आणि जिनं न्यायचं तिच्याच डोळ्यांना धार, असं ते सगळं उलटंपालटं होतं.

पोचवणीच्या दिवशी जयमालाच्या घरचा टेम्पो आला. शेडाच्या दारात मागची फळी टाकून उतार केला होता, वर गवत पसरलं होतं. जयमालानं टॉवेलानं चिमणीचं अंग पुसलं, कपाळाला कुंकू लावलं. डॉक्टर हातात पट्टा चालवायचा छोटा पडदा घेऊन उभी होती. रणजित थोडा मागं, हाताची घडी घालून.

जयमालानं दावं धरलं. “चल गं ढोले, घरी जाऊ.”

चिमणी फळीपर्यंत आली आणि थांबली. पुढचा एक पाय तिनं फळीवर टेकवला. फळी हलली, पोकळ वाजली. तिनं पाय मागं घेतला आणि सगळं अंग थरथरायला लागलं. जमीन हलताना तिनं पाहिलेली होती. हलणाऱ्या कशावर पाय ठेवायचा नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

पट्टा जयमालाच्या आवाजात समजावायला लागला. जयमाला स्वतःही समजावत होती. दोन जयमाला बोलत होत्या आणि म्हैस मागं रेटत होती. टेम्पोवाल्यानं काठी उचलली.

“काठी नको,” डॉक्टर म्हणाली. “ती आत्ता भ्याली तर कास परत धरेल, सगळं पाण्यात जाईल.” मग ती शालनकडं आली. हळू आवाजात म्हणाली, “मावशी, एकदाच जुना आवाज लावू का? पूर्ण. तेवढं फळी चढेपर्यंत.”

शालननं रणजितकडं बघितलं. त्यानं मान हलवली.

डॉक्टरनं पडद्यावर बोट फिरवलं.

“चल गं बाई, चल,” ऋतुजा म्हणाली.

सगळी तिचीच. कशाचीही भेसळ नाही. शेडाच्या पत्र्याखाली तो आवाज घुमला. शालननं खांब धरला. पाण्यावर नेताना पाठवलेल्या निरोपातलं बोलणं होतं ते, ओढ्याच्या उतारावरचं. “चल, पाय टाक. भिऊ नको. मी हाय न्हवं मागं.”

चिमणीचे कान उभे राहिले. थरथर थांबली. तिनं पाय उचलला, आणि मग मान वळवून मागं बघितलं.

मागं शालन होती. डॉक्टर होती. चिमणीची नजर दोघींवरून गेली. रणजितवरून गेली. त्याच्या खांद्यावरून पलीकडं, शेडाच्या मागच्या रिकाम्या दारापर्यंत गेली. तिथं ऊन पडलं होतं. चिमणी रेकली.

“मी हाय न्हवं मागं,” पट्टा म्हणाला.

चिमणी सगळीच वळली. दावं जयमालाच्या हातातून सुटता सुटता राहिलं. ती दाराकडं बघायची, तिथं कुणी दिसायचं नाही, तिचं काळीज धडधडायला लागायचं. धडधड वाढली की पट्टा म्हणायचा, मी हाय न्हवं मागं. की ती पुन्हा दाराकडं बघायची. यंत्राला वाटत होतं, म्हैस भ्यालीय. म्हैस भ्यालेली नव्हती, शोधत होती.

“कुणाला हुडकतीया ही?” टेम्पोवाल्यानं विचारलं. त्याला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं.

डॉक्टर पडद्याकडं बघत राहिली. जयमालानं खाली मान घातली. शालनच्या जिभेवर नेहमीचं वाक्य आलं, अजून सापडली न्हाय, आणि ते तिनं गिळलं.

“मी हाय न्हवं मागं. मी हाय न्हवं.”

रणजित पुढं आला. त्यानं हाताची घडी सोडली. चिमणी अंगावर आली असती तर चिरडला असता, पण तो सरळ तिच्या मानेशी गेला आणि पट्ट्याची कडी चाचपायला लागला. कडी सुटेना. त्याची बोटं घसरत होती. शेवटी ती सुटली. त्यानं पट्टा काढला, तसाच बोलत असलेला, आणि न बघता डॉक्टरच्या हातात दिला. डॉक्टरनं तो बंद केला.

शेडात एकदम शांत झालं. चिमणी दाराकडंच बघत होती. नाकपुड्या फुललेल्या, कान पुढं.

रणजित तिच्याशी कधी बोलायचा नाही. बिल्ल्यावर नाव त्याचं, पण बोलणं ऋतुजाचं. त्याला कधी गरजच पडली नव्हती. त्यानं तिच्या दोन्ही शिंगांच्या बुडाशी हात ठेवले आणि तिचं तोंड हळूच स्वतःकडं वळवलं. तिनं वळवू दिलं. त्याचे ओठ दोनदा हलले. शालन खांब सोडून एक पाऊल पुढं झाली आणि तिथंच थांबली.

“चिमणे,” तो म्हणाला. बरेच दिवस न वापरलेल्या कोयत्यासारखा आवाज होता, गंजलेला. “बघू नको मागं. मागं कोण न्हाय. ऋतुजा मेली.”